वरची सीमा

मॉडेलमध्ये नाशिक नावाचं शहर नाही.
पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक आकडा आहे,
तो आम्ही.
घाटावरचे पीठ-दिवे, गटारांची तोंडं,
द्राक्षबागांची फवारणी, बोहरपट्टीतली आंघोळ,
सगळं मिळून दशांशचिन्हानंतर तीन घरं.

तिथून चौदाशे किलोमीटर खाली
खारफुटी उभी आहे
शंभर मीटर बाय शंभर मीटरच्या चौकोनांत.
कुठल्या चौकोनात किती झाडं, किती खेकडे,
चिखल किती बोटं,
मला पाठ आहे.
मी समुद्र एकदाच पाहिलाय, सहलीत, दिवेआगरला,
आणि तो दुसरा समुद्र होता.

निवृत्ती गायखे दर मंगळवारी
सायखेड्याच्या पुलावरून दोरीला बांधून बाटली सोडतो.
आधी पानवेली सारावी लागते,
त्यासाठी बांबू, बांबूच्या टोकाला विळा.
बाटली वर येते, उन्हात धरतो,
म्हणतो, "आज अकरा भरतील."
मशीन म्हणतं दहा पूर्णांक आठ.
आम्ही मशीनचं लिहितो.

धरणं गाळ ठेवून घेतात,
सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या दुकानदारासारखी,
आणि पुढे नितळ पाणी सोडतात.
लोक पुलावर थांबून म्हणतात, वा, तळ दिसतोय.
मीही म्हणायचे.
नितळ पाणी उपाशी असतं. ते काठ खातं,
आणि टोकाला, जिथं नदीनं समुद्राला
दरवर्षी थोडी जमीन द्यायची असते,
तिथं ती रिकाम्या हातानं जाऊन उभी राहते.

टोकाला सत्यवती आहे. रोपं मोजते.
आमचं बोलणं मोडक्या हिंदीत.
ती नदीला गोदारी म्हणते, मी गंगा,
मॉडेल म्हणतं इनफ्लो वन.
परवा म्हणाली, शाळेच्या झेंड्याच्या खांबापर्यंत पाणी आलं.
मी विचारलं, तारीख? वेळ? उंची किती?
ती जरा गप्प.
मग म्हणाली, "मुलाच्या गुडघ्याइतकं.
आता विचार, कुठल्या मुलाच्या."
मी अडतीस सेंटीमीटर लिहिलं.

अहवालासाठी एक रन हवा होता: माणूस नसता तर.
संध्याकाळी सगळे गेल्यावर फाईल उघडली.
धरणं शून्य.
उपसा शून्य.
सांडपाणी, कोळंबीची तळी, लाकूडतोड,
शून्य टाईप करायला एकच बोट पुरतं.
कोपऱ्यातल्या आकड्यापाशी थोडी थांबले,
मग तिथंही, जुना, कुणी न ढवळलेला गाळ.
एंटर.

रात्रभर पंखा घरघरत राहिला मशीनच्या पोटात.
सकाळी पडदा हिरवा.
किनारा तीन चौकोन पुढे सरकलेला,
शाळेच्या जागी खारफुटी,
सत्यवतीच्या घराच्या जागी खेकडे,
दर चौरस मीटरला सहा.
सगळे हिशेब जुळत होते.
एकही एरर नाही.

निवृत्ती बाटली घेऊन आला, माझ्या मागे उभा राहिला.
चपला दाराशी, पायांना पानवेलीची पानं.
"झकास दिसतंय," म्हणाला. "हे कधीचं?"
मी म्हटलं, कधीचंच नाही. यात आपण नाही.
त्यानं बराच वेळ पाहिलं,
गाव शोधावं तसं, बोट काचेपासून वीतभर लांब.
"मग पाणी कोण मोजतंय?"

मी उत्तर दिलं नाही. तोही थांबला नाही उत्तरासाठी,
बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "अकरा."
त्या दिवशी मशीन लावलंच नाही.
कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.
त्यानं शोधून शोधून मराठी आकडे टाकले, ११,
कठड्याला टेकवलेल्या दोन वाकड्या काठ्या.
सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाहीत.
त्यानं तो चौकोन लाल केला,
आणि एवढ्या हिरव्यात
तो एक लाल तसाच ठेवून
आम्ही चहाला गेलो.